तीन चिपांचा भडंग

"कुणी लावलं? ज्यानं लावलं त्यानं पुढं यावं! मी काही करणार नाही, फक्त जीव घेणार आहे!"

आमचे मालक ओरडत होते. आणि मालकांचं ओरडणं म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं नव्हे. त्या आवाजानं पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट मिरजेला जाऊन बसली, आणि शेजारच्या अडतीत चाललेला हळदीचा सौदा मोडला, कारण अडत्याला वाटलं, कुणी तरी वरचा भाव बोललं.

मालकांच्या हातात तबक होतं. तबकात काडेपेटीएवढ्या पत्र्याच्या उघड्या डब्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि प्रत्येक डबीत हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट आणि वर दोन-दोन अक्षता. वरून पाण्याचा शिंतोडाही उडवलेला. एका डबीत तर झेंडूची पाकळी होती.

भिंतीला पाठ लावून कारखान्यातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यातली थोरली, हौसाक्का, एक पाऊल पुढं आली.

"मी लावलं. आज खंडेनवमी हाय. हत्यारांची पूजा करायची न्हाई व्हय?"

"कर की! चिमट्याची कर, मशिनीची कर, पाहिजे तर माझी कर! डबीच्या आत कशाला कुंकू?"

"मग देवाला काय देवळाच्या भाईरनं लावत्यात?"

"अगं बाई, तिथं देव नाही!"

"न्हाई?" हौसाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "रोज आंगूळ करून, धुतल्या लुगड्यानं, चपला भाईर काढून, तोंडाला फडकं बांधून आत जायाला तुमीच लावलंसा. खोकायचं न्हाई, बोलायचं न्हाई. एवढं आमच्या गावात देवीचंबी सोवळं न्हाई. देव न्हाई म्हंता, तर मग सोवळं कुणाचं वो?"

मालकांच्या हातातलं तबक खाली आलं. मी त्यांच्याकडे नोकरीला होतो त्या सगळ्या काळात त्यांना निरुत्तर झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं, आणि त्यातली बहुतेक खाती हौसाक्काच्या नावावर आहेत.

आता त्या डब्यांत काय होतं ते सांगायला हवं, नाही तर तुम्ही म्हणाल, एवढ्या कुंकवावरून माणूस जीव कशाला घेतो.

सातारा-सांगली भागात घरटी एक माणूस पलटणीत. त्यातले जे तोफखान्यात गेले ते परत आले तेव्हा पेन्शन, पदकं आणि बहिरे कान घेऊन आले. आमचे मालक या कानांसाठी यंत्र बनवत. यंत्र म्हणजे खिशात ठेवायचा डबा, डब्यातून एक वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. त्या डब्याचं काळीज म्हणजे तबकातली ही डबी. तिच्यात तिळाएवढ्या तीन चिपा बसवायच्या. पहिली चिप आवाज पकडणार, दुसरी तो चाळणार, तिसरी तो कानात ढकलणार. आणि तिघींना एकमेकींशी जोडायचं सोन्याच्या तारेनं. ती तार इतकी बारीक की केस तिच्यापुढं नाडा. शिंक आली तर तार जायची मिरजेला, कबुतरांच्या मागोमाग. एवढं सगळं झाल्यावर डबीवर झाकण डाखायचं, म्हणजे कथलानं कायमचं जोडायचं. त्या सकाळी झाकणं तेवढी बाकी होती.

आणि परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, हाच माल साताऱ्याला माजी सैनिकांच्या मंडळापुढं दाखवायचा होता. मंडळ आपल्या बहिऱ्या गड्यांसाठी एकगठ्ठा डबे घेणार होतं. ते काम मिळालं तर कारखाना चालणार, नाही तर बंद. गोदामाचा धनी नव्या हंगामाची हळद भरायला जागा परत मागत होता आणि मालकांनी त्याला सांगून ठेवलं होतं : "साताऱ्याहून नकार घेऊन आलो तर दिवाळीला किल्ली तुझ्या हातात." म्हणजे दिवाळीला या साऱ्या बायकाही घरी.

बायकांचं सांगायचं तर त्या कशा निवडल्या होत्या हे पाहण्यासारखं होतं. मालकांनी नोकरीसाठी पाटी लावली, तिच्यावर शिक्षणाचा शब्द नव्हता. लिहिलं होतं : 'मुलाखतीस येताना पाट आणि भिजवलेला रवा आणावा.' गोदामापुढं बायकांची ही रांग! मालक खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येकीला हातशेवई काढायला लावली. भिंग लावून शेवई बघायचे, उजेडात धरायचे, फुंकर मारायचे. जिची शेवई फुंकरीनं हलली आणि तुटली नाही ती पास. हौसाक्काची शेवई म्हणे हलली तर नाहीच, दिसलीही नाही. मालक म्हणाले, "शेवई कुठाय?" ती म्हणाली, "तुमच्या नाकाला लागलीया." जागच्या जागी नेमणूक! नापास झालेल्यांनी रवा तिथंच टाकला आणि पुढं कितीतरी दिवस आम्ही डब्यात खीरच आणायचो.

मालक मूळचे सांगलीचेच, पण ऐन उमेदीची वर्षं त्यांनी बंगलोरला एका सरकारी कारखान्यात काढली होती. तिथं त्यांचं खातं अशाच डब्या बनवायचं. मग वरच्या साहेबांनी ठरवलं की आता सगळी कामं एकाच चिपवर घ्यायची, जगभर तेच चाललंय. अनेक चिपांच्या डब्यांचं खातं बंद. मालकांनी राजीनामा दिला, भंगारात निघालेलं तार जोडायचं यंत्र लिलावात घेतलं आणि मालट्रकच्या मागच्या बाजूला बसून, यंत्र मांडीवर, यंत्राभोवती गोधडी, असे सांगलीला आले. रस्त्यात खड्डा आला की ते यंत्राला थोपटत असत, असं ड्रायव्हर सांगायचा. जागा मिळाली ती हळदीचं जुनं गोदाम. भिंती पिवळ्या, पत्रे पिवळे, पहिल्या वर्षी आमचा घामही पिवळा. त्या हळदीच्या धुळीपायीच मालकांनी आतली खोली चुन्यानं धुऊन ते प्रसिद्ध सोवळं सुरू केलं होतं. बंगलोरी कानडीचा एक तुकडा तेवढा त्यांच्या जिभेवर राहिला होता. बायका काम करताना कुजबुजल्या की ते दारातून बोट तोंडाशी धरून म्हणायचे, "सुम्म!" बायकांना वाटायचं, हाच त्या देवाचा मंत्र.

मी सातारचा. नुकता डिप्लोमा झालेला, डोक्यात परदेशी मासिकं भरलेली आणि कारखान्यातला एकुलता एक इंजिनिअर. मालक मला नावानं कधी हाक मारत नसत. 'सातारकर' म्हणत, आणि ते अशा सुरात की जणू साताऱ्याची सगळी लोकसंख्या मी एकट्यानंच वाढवलीय. आमच्यात रोज एकच भांडण चाले. मी म्हणायचो, एकच चिप घ्या. मुंबईला मिळते, तिन्ही कामं एका तिळात. ते म्हणायचे, तीन चिपा, एक डबी.

"मालक, तीन चिपा म्हणजे मध्ये तारा आल्या. तार म्हणजे जोड, आणि जोड म्हणजे रोजचं भांडण."

"सातारकर, तू पेढ्याच्या गावचा, तुला नाही कळायचं," असं म्हणून ते टेबलाचा खण ओढायचे. खणात कायम भडंग. मूठभर भडंग टेबलावर पसरायचे, चिमट्यानं एकेक जिन्नस वेगळा करायचे. "हे बघ. मुरमुरे वेगळे, शेंगदाणे वेगळे, लसूण वेगळी. एक शेंगदाणा खवट निघाला तर काय करशील? तेवढाच थुंकशील. आणि तुझ्या कंदी पेढ्यात दूध नासकं निघालं तर? सगळा पेढा टाकशील. एक चिप म्हणजे पेढा. तीन चिपा म्हणजे भडंग."

एकदा मी म्हणालो, "पण मालक, पेढा खिशात घातला तर सांडत नाही."

त्यांनी टेबलावरचा भडंग मुठीत गोळा केला. मुठीतला एक शेंगदाणा तोंडात टाकला. मग त्यांचं ठरलेलं वाक्य बोलले. ते वाक्य मी पुढं आयुष्यात अनेक साहेबांपुढं वापरलं आणि त्यापायी दोन बढत्या घालवल्या : "कबूल, पण मान्य नाही."

त्यांना मान्य का नव्हतं, हे मला मासिकांतून कळलं नाही. औंधाच्या बाजूला कळलं.

कान तपासायचं त्यांचं तंत्र जगावेगळं होतं. कान तपासायचं शहरातलं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून मालक भांडी घेऊन फिरायचे. एक घंगाळ, एक तांब्या, एक फुलपात्र आणि एक चमचा. बहिऱ्या गड्याला पाठमोरा बसवायचं, स्वतः मागं जायचं आणि लाकडी दांडीनं एकेक भांडं वाजवायचं. घंगाळाचा आवाज ढोला, चमच्याचा बारीक. कुणाला कोणतं भांडं किती लांबून ऐकू येतं, यावरून कानातला कोणता सूर मेलाय ते ठरवायचं आणि तसली मधली चिप निवडायची.

औंधाजवळच्या एका गावात आम्ही एका हवालदारांचा कान बघायला गेलो. मालकांनी पिशवीतून भांडी काढली मात्र, अख्ख्या आळीतल्या बायका आपापली पातेली घेऊन बाहेर आल्या. कल्हईवाला आलाय! मालकांनी समजावलं, हात जोडले, पण गाव ऐकेना. शेवटी कुठून तरी भाता आणला, कथील आणलं, आणि या बंगलोरच्या इंजिनिअरनं दुपारपर्यंत पातेल्यांना कल्हई केली. वर एक म्हातारी मला म्हणाली, "तुजा बा हात साफ ठेवतोय, पर लय बडबडतोय."

मग कान. हवालदार पाठमोरे बसले, ताठ, पोत्यावर बसले तरी तोफेवर बसल्यासारखे. घंगाळ वाजलं, त्यांनी हात वर केला. तांब्या, हात वर. फुलपात्र, हात जरा उशिरानं वर. चमचा वाजला. हात खाली. मालक जवळ गेले, आणखी जवळ, अगदी कानाशी चमचा वाजवला. हवालदार समोरच्या गोठ्याकडं बघत बसलेले.

"कळलं," मालक म्हणाले. "तोफेनं बारीक सूर नेलेत. ढोले तेवढे राहिलेत. ह्यांना म्हैस ऐकू येणार, वहिनी तुम्ही येणार नाही."

हवालदारीणबाई दारात उभ्या होत्या. "म्हंजी? मी चमचा व्हय?"

"तुमचा आवाज, वहिनी. आवाज चमचा."

"म्हणूनच!" बाई म्हणाल्या. "म्हशीनं नुसता हुंकार दिला तर उठून वैरण टाकत्यात. मी घसा फोडून वरडती तर म्हंत्यात, तू आजकाल बोलतच न्हाईस." आणि मग आवाज खाली आणून, मालकांना नव्हे, उंबऱ्याला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "आमच्यातलं कायबी गावाला कळल्याबिगर आमच्यात व्हईत न्हाई वो. वरडूनच सांगाया लागतंय."

परतीच्या एस.टी.त रहिमतपूर आलं. मालक पिशवीतली भांडी सावरत म्हणाले, "सातारकर, तुझी एक चिप सगळंच मोठं करणार. चमचा मोठा, तसं घंगाळही मोठं. ह्या माणसाला घंगाळ कमी कशाला करून हवंय, तर त्याला बायको ऐकू यावी म्हणून. प्रत्येकाचा सूर वेगळा गेलाय. म्हणून मधली चिप वेगळी, ज्याच्या-त्याच्या कानाची. पेढा एकाच चवीचा असतो रे."

"कबूल," मी म्हणालो, "पण मान्य नाही. असा एकेक कान बघत बसलात तर डबे कधी व्हायचे?"

त्यांनी पिशवीतला चमचा काढून सदऱ्याला पुसला. मग परत आत ठेवला.

तर आता पुन्हा त्या तबकाकडे या. खंडेनवमीची सकाळ, डब्यांत कुंकू, तबक मालकांच्या हातात. मी संधी सोडतो की काय? "मालक, एकच चिप घेतली असती तर ती बंदच येते. कुंकू आत गेलंच नसतं."

"आणि आत काय बिघडलंय हेही कळलं नसतं!" मालक उसळले. "आण इकडं मीटर!"

त्यांनी एकेक डबी तपासली. कुंकू ओलं होऊन वीज वाटेल तिकडं पळत होती. डबी कानाला लावली की आत कुणी तरी कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिल्याचा आवाज. पण गंमत अशी की सगळ्या चिपा मेल्या नव्हत्या. एका डबीतली पहिली गेलेली, दुसरीतली तिसरी गेलेली. देवीनं प्रसाद वाटताना पंक्तिभेद केला होता. हवालदारांच्या कानासाठी निवडलेली मधली चिप मात्र धडधाकट होती. झेंडूची पाकळी नेमकी तिच्यावर पडली होती आणि पाकळीनं कुंकू अडवलं होतं. हौसाक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा सांगत होता : देव न्हाई म्हंता?

दुसऱ्या दिवशी दसरा. कुणालाही सांगितलं नव्हतं, पण सकाळी सगळ्या बायका हजर. न्हालेल्या, धुतल्या लुगड्यांतल्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. सोनं लुटायचं सोडून त्यांनी मेलेल्या चिपा उपटल्या, जित्या चिपा जुळवल्या, स्पिरिटनं डब्या धुतल्या आणि तारा पुन्हा जोडल्या. आपट्याची पानं मालकांनी दाराबाहेरच वाटली, "आत पान आणलंत तर खबरदार," असं म्हणत, आणि प्रत्येकीला पानाबरोबर भडंगाचा पुडा. संध्याकाळी एक डबी बोलू लागली. एकच, हवालदारांची. हौसाक्कानं तिच्यावर झाकण डाखलं आणि म्हणाली, "आता भाईरनं लावू का?"

मालकांनी डबी पुढं केली. "लाव."

साताऱ्याच्या मंडळाच्या हॉलमध्ये मालक, हौसाक्का आणि मी गेलो तेव्हा मुंबईचा एजंट आधीच आलेला होता. सफारी सूट, हातात ब्रीफकेस, आणि ब्रीफकेसमध्ये एका चिपेची यंत्रं अशी मांडलेली की दिवाळीच्या पेढ्यांचा बॉक्सच. माणूस वाईट नव्हता. त्यानं मालकांना खुर्ची दिली. समोर मंडळाचे अध्यक्ष, सुभेदारसाहेब. मिशा अशा, की त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी एकेक शिपाई पहारा देऊ शकला असता. कुणी काहीही बोललं की ते मान हलवून म्हणायचे, "बरोबर, बरोबर." मला वाटलं, काय गुणग्राही माणूस आहे!

चाचणीला आमचेच हवालदार आणि हवालदारीणबाई. आधी एजंटचं यंत्र. हवालदारांनी बोंडूक कानात घातलं आणि दचकले.

"काय ऐकू येतंय?" एजंटनं विचारलं.

"समदं! पंखा, खुर्च्या, भाईर यस्टी. पार अजिंक्यताऱ्यावर कोन खाकरलं त्येबी आलं."

हॉलमध्ये टाळ्या. सुभेदारसाहेब : "बरोबर, बरोबर."

मालकांनी हळूच विचारलं, "आणि वहिनी काय म्हणाल्या?"

"ही बोलली?" हवालदार वळले. "मला वाटलं खुर्ची सरकली."

मग आमचा डबा. एजंटचं यंत्र साबणाच्या वडीएवढं, आमचं तंबाखूच्या डब्याएवढं, वर कुंकवाचं बोट. हवालदारांनी बोंडूक कानात घातलं. मालक बाईंना म्हणाले, "बोला वहिनी. नेहमीसारखं बोला."

बाईंनी श्वास घेतला आणि नेहमीसारखं बोलल्या, म्हणजे ओरडल्या : "आवंऽऽ! ऐकू येतंय का वोऽऽ!" हवालदार खुर्चीवरून उडाले. हॉल हसला.

"हळू, वहिनी, हळू."

बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हवालदारांशी हळू कसं बोलायचं हे ती बाई विसरली होती. इतकी वर्षं नवऱ्याशी तिचा एकच आवाज होता, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर द्यायचा. मालकांच्या कपाळावर घाम. एजंटही चुळबुळायला लागला. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

शेवटी बाई ओशाळल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या हौसाक्काला पदराआडून पुटपुटल्या, "सदऱ्याचं बटान तुटलंय बग ह्येंच्या. तसंच आलं चारचौघांत."

हवालदारांचा हात छातीवर गेला. बोटांनी बटणाची जागा चाचपली. बायकोकडं न बघता म्हणाले, "तूच लावलं न्हाईस."

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. बाईंनी पदर तोंडाशी नेला. हौसाक्का भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आणि आमचे मालक, एवढा मोठा आवाज असलेला माणूस, अगदी बारीक आवाजात स्वतःशीच म्हणाले, "चमचा आला."

इथंच थांबले असते तर! पण मालक उठले आणि त्याच बारीक आवाजात त्यांनी भाषण केलं. घंगाळ सांगितलं, चमचा सांगितला, पेढा सांगितला, भडंगाचा पुडा फोडून टेबलावर पसरला. प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून प्रत्येकाची मधली चिप वेगळी; एकदम फार डबे होणार नाहीत, पण होईल तो डबा त्या माणसाचा असेल. साताऱ्यात भडंगाची बाजू इतक्या पोटतिडकीनं कुणी मांडली नसेल. सुभेदारसाहेब वाक्या-वाक्याला मान हलवत होते : "बरोबर, बरोबर." मी मनात म्हटलं, जिंकलो.

भाषण संपलं. सुभेदारसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, कागदावर सही केली आणि काम एजंटला दिलं. सगळे डबे. दिवाळीच्या आत.

परतीच्या गाडीत मालकांनी मला एकदाही 'सातारकर' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. सांगलीला उतरल्यावर हौसाक्का म्हणाली, "मालक, उद्या यायाचं का न्हाई?" ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत या." आणि मग, "आंघोळ करून या." एवढं बोलून पुढं गेले.

दिवाळी जवळ आली. गोदामाचा धनी किल्लीसाठी दोनदा दारावरून फेरी मारून गेला. आणि एके सकाळी हवालदारांकडून पत्ता घेऊन आलेला एक म्हातारा दारात उभा. हातात एजंटचं यंत्र.

"ह्यात म्हस लय वरडती," म्हणाला. "नात बोलतीया ते कायबी कळत न्हाई."

मला वाटलं, मालक आता पेढ्यावर व्याख्यान देणार. त्यांनी म्हाताऱ्याला पाठमोरं बसवलं, भांडी वाजवली, आणि एजंटचं यंत्र उघडलं. ती एकटी चिप बराच वेळ भिंगाखाली बघितली. मग म्हणाले, "सातारकर, हिचं काम चोख आहे. पकडतेय छान, ढकलतेय छान. फक्त चाळता येत नाही. हिला काढायला कशाला हवं? हिच्या शेजारी आपली मधली बसवू. एका डबीत दोघी."

"म्हणजे पेढा भडंगात?"

"कबूल," ते म्हणाले. पुढचे तीन शब्द मी वाट बघूनही आले नाहीत.

म्हातारा गावी गेला आणि नातीचं बोलणं ऐकत बसला. मग त्याच्या पलटणीतला दुसरा आला, मग तिसरा. औंधाचे आले, खंडाळ्याकडचे आले, एक तर बेळगावहून आला आणि मालकांच्या "सुम्म"ला कानडीत उत्तर देऊन गेला. यंत्रं एजंटची, कान ज्याचा त्याचा, मधली चिप आमची. तारा जोडायला बायका कमी पडू लागल्या. मालकांनी पुन्हा पाट-रव्याची पाटी लावली. गोदामाच्या धन्याला हळदीसाठी दुसरी जागा शोधावी लागली, आणि त्याचे थोरले चुलतेही कान दाखवायला येऊन गेले.

आणि एक दिवस, भर दुपारी, दारात जीप थांबली. सुभेदारसाहेब. मिशांसकट.

"सहज आलो होतो," ते मोठ्यानं म्हणाले. "कारखाना बघावा म्हटलं."

मालकांनी कारखाना दाखवला. चपला बाहेर काढायला लावल्या, तोंडाला फडकं बांधायला लावलं. मिशा फडक्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. मालक यंत्र दाखवत होते, तार दाखवत होते, साहेब म्हणत होते, "बरोबर, बरोबर." सगळं बघून झालं तरी साहेब जाईनात. मग त्यांनी खोलीत दुसरं कुणी नाही ना हे बघितलं. मला मोजलं नाही. आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून एजंटचं एक यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

मालकांनी पिशवीतली भांडी काढली. खुर्ची फिरवून साहेबांना पाठमोरं बसवलं. घंगाळ, हात वर. तांब्या, हात वर. फुलपात्र, हात नाही. चमचा, हात नाही.

हौसाक्कानं स्वतः तारा जोडल्या. झाकण डाखून डबी यंत्रात बसवली, साहेबांनी बोंडूक कानात घातलं. मालकांनी मागं जाऊन चमचा अगदी हलका वाजवला. साहेबांचा हात वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

आता मालकांनी गप्प बसायचं की नाही? पण इतके दिवस पोटात ठेवलेलं. ते साहेबांच्या समोर आले, हळू, सरळ आवाजात म्हणाले :

"साहेब, एक विचारतो, राग मानू नका. त्या दिवशी मी एवढं जीव तोडून समजावलं. तुम्ही दर वाक्याला बरोबर, बरोबर म्हणालात. मग शेवटी माझं म्हणणं का नाही पटलं?"

सुभेदारसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"ऐकूच आलं नव्हतं," ते म्हणाले.